चौथी टाळी

मास्तर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुत्रा दोरीला बांधलेला, दोरी खिडकीच्या गजाला, आणि गज, खिडकी, भिंत असा सगळा संसार ओढत तो मास्तरांच्या स्वागताला निघाला होता. मास्तरांनी मात्र स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमी तुमची कामं करा. मी आयकतो."

कोणी ऐकत बसलंय म्हटल्यावर कामं काय सुचणार! मी भीत भीत पाट्यावर खोबरं वाटायला घेतलं. नवरा उगाच दोनदा खाकरला, वर्तमानपत्र उलटं-सुलटं केलं, नळ सोडला, बंद केला. माझे सासरे, म्हणजे तात्या, कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत होते. असा पाऊण तास गेला. मग मास्तरांनी डोळे उघडून निकाल दिला.

"बाय, तुजा पाटा बरोबर चालतो. म्हाताऱ्याचा अडकित्ता तर झकास. पन तुजा नवरा बेताल हाय."

माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ही गोष्ट कोणीतरी इतक्या अधिकाराने सांगायला हवीच होती. मी मास्तरांना लगेच दुसरा कप चहा दिला.

हा गृहस्थ कुत्र्यांना शिकवायचा. तो आम्हाला कसा सापडला हे सांगायचं तर आधी गुंड्याबद्दल सांगायला हवं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही घाटकोपरला टेकडीच्या अलीकडे, एका तीन मजली सोसायटीत राहायचो. गुंड्याला माझ्या सासूबाईंनी आणलं. बाजारात बांगडे घ्यायला गेल्या आणि पिशवीत एका बाजूला बांगडे, दुसऱ्या बाजूला पिल्लू असं घेऊन आल्या. वाटेत पिल्लाने बांगड्यांना तोंड लावलं नाही, म्हणून तो खानदानी आहे असं त्यांचं मत पडलं. आठच महिन्यांनी सासूबाई गेल्या. पुढे तात्या आमच्याशी कामापुरतं बोलत. "जेवण झाला?", "पाणी इला?", एवढंच. बाकीचं सगळं ते गुंड्याशी बोलत, मालवणीत, तासन् तास, गॅलरीत बसून. आम्ही दाराआड उभं राहून ऐकायचो. तात्यांच्या मनात काय चाललंय हे कळायचा आमच्याकडे दुसरा मार्गच नव्हता.

गुंड्या कोणाला चावत नसे. त्याचा दोष वेगळा होता. त्याला माणसं आवडायची. माणूस दिसला की तो धावत जायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढचे दोन पाय त्या माणसाच्या खांद्यांवर ठेवायचा आणि डोळ्यांत डोळे घालून बघायचा. वीस वर्षांनी भेटलेला भाऊ जसा बघेल, तसा. अंगाने तो चांगलाच दांडगा होता. त्यातून आमचे सेक्रेटरी रोज पांढराशुभ्र, खळ घातलेला, कडक इस्त्रीचा सदरा घालायचे. त्या सदऱ्यावर तिसऱ्यांदा दोन पंजे उमटले, आणि संध्याकाळी टाइप केलेली नोटीस आली, तीन प्रतींत. "एका महिन्याच्या आत सदर श्वानास शिस्त लावावी व तसा शिक्षकाचा लेखी दाखला सादर करावा. अन्यथा श्वानाची व्यवस्था सोसायटीच्या हद्दीबाहेर करावी. तपासणी गणपतीत, दुसऱ्या दिवशी, सर्वांसमक्ष होईल."

तात्यांनी नोटीस वाचली. उठले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तिच्यात धोतरं भरायला लागले.

"तात्या, हे काय?" नवरा घाबरून म्हणाला.

"कुत्रो जातलो थंय मी. गावाक ऱ्हवतंय."

"गावी कोण आहे आता? घर बंद आहे!"

"मगे उघडीन."

ट्रंक पलंगाखाली परत गेली नाही. महिनाभर ती दाराशीच राहिली, भरलेली. येता-जाता नवऱ्याचा पाय तिला लागायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. म्हणून मी पदर खोचला. म्हटलं, मुंबईत शिकवणाऱ्यांना काय तोटा? इथे शिवण शिकवणारे आहेत, पेटी शिकवणारे आहेत, एक गृहस्थ तर मुलाखतीला कसं बसावं हे शिकवायचे. कुत्र्याला शिकवणारा मिळेलच.

मिळाले की! पहिला मिळाला अंधेरीला, एका स्टुडिओच्या मागे. सिनेमात कुत्री पुरवायचा. त्याने आमच्यासमोर आपल्या कुत्रीचं काम दाखवलं. कुत्रीने तोंडात चिठ्ठी धरून आणली, जखमी झाल्यासारखी लंगडली, त्याने बोटांनी बंदूक केली तशी धाडकन पडून मेली, आणि मरतानासुद्धा एकदा डोळे उघडून नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा! आता तिला बसायला सांगा ना," मी म्हटलं.

"बसायला?" तो गोंधळला. "बसायचा सीन कोण घेतो, वहिनी?"

दुसरा भांडुपला. निवृत्त माणूस, भरघोस मिशा, बोलणं गोड. "तीन आठवड्यांत गाय करून देतो," म्हणाला. या वेळी तात्याही सोबत होते. ते उंबऱ्यापर्यंत आले, दाराआड टेकवून ठेवलेली वेताची छडी त्यांनी पाहिली आणि तिथूनच मागे फिरले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "सुने, शिकवणाऱ्याचा तोंड बघू नको. तेचो कुत्रो बघ."

मला हे पटलं. म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ख्रिस्ती माणसाने वाकोल्याच्या मास्तरांचं नाव सुचवलं, तेव्हा मी ठरवूनच गेले की काही झालं तरी आधी कुत्रा बघायचा.

वाकोल्याच्या जुन्या गावठाणात, क्रुसाच्या मागे, एक कौलारू घर. मास्तर मूळचे तिथलेच. उभा जन्म त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल आणि झांजा वाजवण्यात घालवला. बँड बंद पडला, अंगावरचा लाल कोट मात्र राहिला. कोटाला पितळी बटणं होती, पैकी एक हरवलेलं, आणि त्या जागी शर्टाचं पांढरं बटण शिवलेलं. चालायचेही ते मिरवणुकीत चालल्यासारखे, डावा पाय जरा जोरात टाकून. घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी कुत्री आडवी पसरली होती. आम्ही तिघं येऊन उभे राहिलो तरी तिने कान हलवला नाही.

"ही तुमचीच ना?" मी विचारलं.

"माजीच. रोझी."

"हिला उठवून दाखवा बघू."

मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या आईला नाचून दाखवायला सांगितलं. म्हणाले, "रोझी रिटायर झाली, बाय. अकरा वर्सं मी सांगितलं तेवा उठली, सांगितलं तेवा बसली. आता तिला सांगायचं नाय. आता तिच्यावरून आपन जायचं."

आणि खरंच, कोटाची शेपटी सावरत, पाय उंच उचलून, ते तिच्यावरून आत गेले.

मी नवऱ्याच्या कानात पुटपुटले, "झालं! याची स्वतःची कुत्री उठत नाही. चल, निघू." वळून पाहते तो तात्या धोतराचा सोगा वर धरून, पाय उंच उचलून, रोझीवरून आत चालले होते!

"हेच मास्तर," ते आतून म्हणाले. "म्हाताऱ्याक जो उठवणा नाय, तो माणूस बरो. आता दुसरीकडे जावचा नाय."

गेल्या वर्षभरात तात्या आमच्याशी इतकं सलग बोलले नव्हते. विषय संपला.

तर असे मास्तर घरी आले, पाऊण तास घर ऐकून गेले, आणि पुढच्या खेपेपासून शिकवणी सुरू झाली. त्यांची पद्धत कुठल्याही पुस्तकात नसेल. ते कुत्र्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. "जनावराला शब्द कशाला? मानूस बोलतो आनि विसरतो. जनावर मोजतो." सगळं काम टाळ्यांवर. एक टाळी, बस. दोन, ऊठ. तीन टाळ्या, जमिनीवर सपाट हो, हनुवटी टेकव, पुढचे पाय लांब कर.

"आणि ते खांद्यावर पाय ठेवणं?" नवरा म्हणाला. "ते मोडायचंय ना, यार... म्हणजे, मास्तर!"

"मोडायचं नाय!" मास्तर कडाडले. "सवय मोडली तर ती लपून बसते, आनि नको तेवा भायेर येते. सवयीला नंबर द्यायचा. मंग नंबर लागल्याशिवाय ती उठत नाय."

म्हणून खांद्यावर पाय ठेवण्याला त्यांनी चार नंबर दिला. लागोपाठ चार टाळ्या वाजल्या की गुंड्याने खुशाल माणसाला भेटावं. चार वाजल्या नाहीत तर भेटायचं नाही. आम्हाला हे वेड्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या आठवड्यात दूधवाला आला, गुंड्या धावत त्याच्यापर्यंत गेला, थांबला आणि मान वळवून आमच्या हातांकडे बघायला लागला. वाजवा ना हो, असं म्हणत. दूधवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा दूध न सांडता मापलं.

मास्तरांची अट एकच होती. त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून विचारलं, "ह्या घरात टाल्या कोन वाजवतो?"

"कोणीच नाही," आम्ही म्हटलं.

"नीट आठवा. एका टालीला दोन मालक चालनार नाय."

आम्ही नीट आठवलं. आमच्या घरात कोणी गाणारं नाही, कोणी नाचणारं नाही, कौतुक करण्यासारखं कोणी काही करत नाही. टाळी वाजायची ती फक्त डास मारताना. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने एक डास मारला आणि गुंड्या बसला. दुसरा मारला, गुंड्या बसल्या जागी आणखी बसला. मास्तरांनी डासांवर बंदी घातली, म्हणजे मारण्यावर. आम्ही पाळली. महिनाभर आमच्या घरात डासांनी सोन्याचे दिवस पाहिले. ऑफिसात नवऱ्याला लोक विचारायचे, "कांजिण्या का रे?" पण टाळी नाही म्हणजे नाही.

आता माझ्याकडे असे बघू नका. मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आलंय. पण आम्ही कोकणातली माणसं. आरतीत जी वाजवतो तिला आम्ही टाळी मोजतच नाही. ती आरतीच असते. श्वास मोजता का तुम्ही? आणि मास्तर ख्रिस्ती. त्यांनी आरती आयुष्यभर लांबून ऐकलेली, कर्ण्यावरून. जवळ उभं राहून मोजलेली नव्हती.

गणपतीचा दुसरा दिवस उजाडला. सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी मांडव. मास्तर दोन बस बदलून आले. कोटाला पॉलिश केलेली बटणं, खिशात कोणाकडून तरी लिहून घेतलेला, घडी घातलेला दाखला, फक्त सही करायची बाकी. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन, अदबीने मागच्या रांगेत उभे राहिले. गुंड्या पुढे तात्यांच्या पायाशी. तपासणी 'विनादोरी' होणार असं सेक्रेटरींनी लेखी कळवलं होतं, म्हणून दोरी तात्यांच्या हातात होती आणि कुत्रा मोकळा.

"तपासणी करून टाकू या का?" नवऱ्याने विचारलं.

"आधी आरती," सेक्रेटरी म्हणाले. "देवाच्या आधी कुत्रा नाही." नवा कोरा सदरा होता, खळ इतकी की ते हलले की कागद फाटल्यासारखा आवाज येई. हातात पेटलेल्या निरांजनांचं तबक.

आरतीची सुरुवात नेहमी रेंगाळत होते. कोणी घसा साफ करतो, कोणी उगाच एक टाळी वाजवून ठेवतो. ती एक वाजली. गुंड्या बसला. दोन वाजल्या. गुंड्या उठला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बघा गं, मुकं जनावर! उठून उभं राहिलं." मी कौतुकाने हसले, टाळी वाजवली, आणि हात हवेतच थांबले. अगं बाई! ही तर टाळी!

पण आता कोणाला थांबवणार? साठ माणसं, एकशे वीस हात. एक, दोन, तीन, चार. गुंड्याचे कान ताठ. महिनाभर ज्या नंबरची वाट पाहिली तो नंबर सर्वत्र लागला होता! त्याने पहिली उडी घेतली ती जवळच्याच खांद्यांवर, माझ्या नवऱ्याच्या. नवरा डोळे मिटून तल्लीन झाला होता. त्याला वाटलं कोणी नातेवाईक भेटायला आलाय. डोळे न उघडताच म्हणाला, "अरे, नंतर, नंतर! आधी प्रसाद घे." गुंड्याने त्याला सोडलं. मान वळवली. आणि पुढचा माणूस निवडला. समोर पांढराशुभ्र सदरा, पाठ वळलेली, हातात विस्तव.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी गुंड्याकडे बघणंच सोडलं होतं. ते आमच्या गॅलरीकडे बघत होते, जिथून दारातली ट्रंक दिसायची.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक लाल कोट लोकांना बाजूला सारत आला. झांजा वाजवणाऱ्या गृहस्थांच्या हातातून मास्तरांनी झांजा चक्क हिसकावल्या, देवाच्या नि कुत्र्याच्या मध्ये उभे राहिले आणि गरजले:

"तीन मारा! चौथी गिला!"

झण् झण् झण्, आणि चौथ्या ठोक्याला हात छातीशी, गप्प. झण् झण् झण्, गप्प. पितळी बटणांच्या माणसाने हुकूम केला की मुंबईकर आधी पाळतो, मग चौकशी करतो. दोन ओळींत अख्खा मांडव तिनावर आला. तीन वाजवायच्या, चौथी गिळायची. आरतीचे शब्द जिथल्या तिथे बसले. फक्त चौथ्या जागी अशी काही शांतता पडायची की त्या शांततेत निरांजनांचं तडतडणं ऐकू येई.

आणि गुंड्या? तिसऱ्या टाळीला जो सपाट झाला तो झाला. हनुवटी जमिनीला, पुढचे पाय गणपतीच्या दिशेने लांब. पुढच्या तीन टाळ्या त्याला तेच सांगायच्या, त्यापुढच्या तीनही तेच. आमच्याकडे पाच आरत्या होतात, वर मंत्रपुष्पांजली. तेवढा वेळ तो कुत्रा साष्टांग पडून होता. बेताल माणूस एकच होता, माझा नवरा. त्याचे दोन्ही हात मी माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले होते. लोकांना वाटलं, नवीन जोडपं आहे.

सेक्रेटरी तबक घेऊन वळले. पायाशी कुत्रा बघून थबकले. मग सदरा सावरत, त्याला वळसा घालून पुढे गेले. आजींनी तर कुत्र्यालाच नमस्कार केला. "मागल्या जन्मीचा कोणी हरिदास असणार," त्या म्हणाल्या.

आरती संपली. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, मला समाधान आहे. दाखल्यावर सही करा."

मास्तरांनी खिशातून दाखला काढला. उलगडला. आणि चार तुकडे करून परत खिशात ठेवला.

"ह्यो कुत्रा पास नाय," ते म्हणाले. "कोनाच्यापन चार टाल्यांवर अजून उडतो. खोटं मी लिवनार नाय."

अहो, त्या क्षणी त्या माणसाच्या कोटाची उरलेली बटणंही तोडावीत असं मला वाटलं. सेक्रेटरींचा चेहरा पुन्हा नोटिशीसारखा झाला. "दाखला नसेल तर मग नियमाप्रमाणे..."

तात्यांनी खाली वाकून गुंड्याच्या गळ्यात दोरी अडकवली. "चल रे. तुका आणि माका एस्टीत जागा मिळतली."

मास्तरांनी एक टाळी वाजवली. गुंड्या बसला. महिनाभराच्या सवयीने माझा नवराही बसला. तात्या तेवढे उभे राहिले.

"म्हाताऱ्या, तू पन बस," मास्तर म्हणाले. "मी कुत्रा पास नाय म्हटलं. कोनच पास नाय असं म्हटलं काय? बाय, तू कागद घे. मला ताल येतो, लिवायला येत नाय."

मी सेक्रेटरींचंच पेन घेतलं आणि मांडवात, प्रसादाच्या पाटावर, मास्तर सांगतील तसं लिहिलं. मजकूर मला आजही पाठ आहे: "दाखला देण्यात येतो की, या सोसायटीची परीक्षा मी स्वतः घेतली. कोणतीही तयारी नसताना सोसायटीने तीन टाळ्या वाजवून चौथी गिळली. बँडमध्ये हे शिकायला माणसाला सहा महिने लागतात. सोसायटी पास. ती ताल सोडत नाही तोवर कुत्र्यापासून कोणाच्या सदऱ्याला भय नाही." खाली मास्तरांनी सही केली आणि तारखेच्या जागी कोटाचं बटण शाईत बुडवून त्याचा ठसा मारला.

सेक्रेटरींनी तो कागद तीनदा वाचला. या सोसायटीला आजवर पाण्यासाठी नोटिसा आल्या होत्या, गच्चीसाठी आल्या होत्या, रंगासाठी आल्या होत्या. पास कोणीच केलं नव्हतं. त्यांनी कागदाची अलगद घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "याला काच लावू या."

त्या रात्री ट्रंक पलंगाखाली गेली.

पुढे गुंड्या नऊ वर्षं जगला, तात्या त्याच्यानंतर दोन. शेवटी शेवटी गुंड्याला ऐकू येईना. टाळ्या तीन असोत, तेरा असोत, तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवा पडलेला असायचा. एकदा कोणी नवा भाडेकरू त्याला चपलेने सारायला लागला तर वरून सेक्रेटरी ओरडले, "ए, ए! तो रिटायर झालाय! वरून जा!" हे मी वाकोल्याला जाऊन मास्तरांना सांगितलं. तेही खूप थकले होते. रोझीच्या जागी, उंबऱ्यावर, खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि समाधानाने म्हणाले, "आता सेक्रेटरी पन पास."

आमच्या सोसायटीत आजही आरती तिनावरच होते. पाहुणा आला की हमखास फसतो. सगळे चौथी गिळतात आणि त्याची एकट्याची टाळी मांडवात खणकन वाजते. तो ओशाळून इकडे तिकडे बघतो. आम्ही जुनी माणसं मात्र त्याच्याकडे बघत नाही. आम्ही सेक्रेटरींकडे बघतो. तबक घेऊन, सदरा सावरत, ते देवासमोरच्या एका रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे जातात.